बाराशे मीटरवरची शेवटची फेरी

जोशुआ चेप्टेगेई तिसावा आला.

२६ मार्च २०१७ ला युगांडाची राजधानी कंपाला इथे झालेल्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेच्या निकालपत्रात एवढंच सापडतं. पुरुषांत पहिला केनियाचा जेफ्री कामवोरोर, २८ मिनिटं २४ सेकंद. दुसरा त्याच्याच देशाचा लिओनार्ड बार्सोटॉन, तिसरा इथिओपियाचा आबादी हादिस. मग बरीच नावं, आणि कुठेतरी खाली यजमान देशाचा हा वीस वर्षांचा मुलगा. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा तो सगळ्यांच्या बाराएक सेकंद पुढे होता, हे निकालपत्राच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्या शर्यतीचं चित्रीकरण मी अधूनमधून काढून बघतो. "लावलास का परत तो झोकांड्या खाणारा मुलगा?" असं बायको आतून विचारते. तिला खेळांचं वावडं नाही, पण हरलेल्याचीच शर्यत पुन्हा पुन्हा बघायची ही काय हौस, हे तिला कळत नाही. शेवटी म्हटलं, लिहूनच बघावं.

क्रॉस कंट्री म्हणजे काय, हे आपल्याकडे पीटीच्या सरांना विचारावं. रस्त्यावर नाही, ट्रॅकवर नाही. माळावर, शेतातून, चिखलातून, चढउतारावरून पळायचं. भाच्याच्या जिल्हा स्पर्धेला एकदा गेलो होतो. ज्वारी काढलेलं रान, त्यात फक्कीच्या रेषा, निम्मी पोरं अनवाणी. लांबच्या वळणावर एक सर खुर्ची टाकून बसलेले आणि त्यांच्या मांडीवर रबरबँडचा डबा. वळणापर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला एक रबरबँड मिळायचा, तो मनगटात अडकवून परत फिरायचं. मनगट रिकामं दिसलं की पोरगं मधूनच वळलं हे पक्कं. एका पोराने पळता पळता धसकट लागलेला पाय वर धरून बघितला, थुंकी लावली आणि पुन्हा निघालं. शेवटी केळं आणि बिस्किटाचा पुडा. कुणाचीही वेळ कुणी विचारली नाही, सगळे विचारत होते 'कितवा आलास?' या खेळाचा स्वभाव त्या प्रश्नात पुरता येतो. रान दर वेळी वेगळं, म्हणून इथे विश्वविक्रम नावाची गोष्टच नाही.

देशादेशांतल्या अशा शर्यती १९०३ पासून भरतात. पहिली स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टनच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर झाली, आणि 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड. मधल्या काळात हा खेळ तीनदा ऑलिंपिकमध्येही होता. १९२४ ला पॅरिसच्या भाजून काढणाऱ्या उन्हात ३८ जण निघाले आणि १५ पोचले, तेव्हा तो ऑलिंपिकमधून गेला तो आजतागायत परतलेला नाही. त्या पंधरांत पहिला आलेला फिनलंडचा पावो नुर्मी दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्यतीला हजर होता, पण नुर्मीचं उदाहरण कुणी कुणाला देऊ नये.

१९७३ पासून ॲथलेटिक्सच्या जागतिक महासंघाने ही स्पर्धा आपल्याकडे घेतली. १९८१ ला माद्रिदमध्ये केनिया आणि इथिओपिया पहिल्यांदा उतरले आणि इथिओपियाच्या पोरांनी एक अजब गोंधळ घातला. एक फेरी बाकी असताना शेवटचीच फेरी समजून सगळे जीव खाऊन पळाले, आणि आपण जिंकलो या समजुतीत थांबायला लागले. त्यांना पुन्हा पळायला लावलं, तोवर मागचे येऊन मिळाले होते आणि वैयक्तिक विजेतेपद अमेरिकेच्या क्रेग व्हर्जिनला गेलं. तरी सांघिक सुवर्ण इथिओपियालाच! तिथून पुढे जवळजवळ चार दशकं पुरुषांचं सांघिक विजेतेपद या दोन देशांबाहेर गेलं नाही. १९८६ ते २००३ सलग अठरा वर्षं तर एकट्या केनियाकडे होतं.

असं का, याचं उत्तर आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ आहे. वीस-पंचवीस किलोमीटर पळून झाल्यावर टपरीवर चहाचे कप हातात आले की कुणीतरी म्हणतंच, "त्यांचं काय बुवा, ते डोंगरातच जन्माला येतात." उंची हा आमचा लाडका खुलासा. त्यात आपण का नाही, याचंही उत्तर आपोआप मिळून जातं, आणि चहा गोड लागतो.

कंपालाची स्पर्धा या खुलाशाला चांगलीच अडचणीत आणते. स्पर्धा भरली ती कोलोलो टेकडीवरच्या मैदानात. शहर टेकड्याटेकड्यांवर वसलेलं, व्हिक्टोरिया सरोवराच्या जवळ, विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेलं. मैदानाला लोक अजून 'धावपट्टी' म्हणतात, कारण पूर्वी तिथे विमानं उतरत. ९ ऑक्टोबर १९६२ ला युगांडाचा झेंडा पहिल्यांदा इथेच चढला. अशा जागेवर आपल्या देशाचा मुलगा जगात पहिला येताना बघायला लोक लोटले होते. राबात, स्टेलनबॉश, माराकेश आणि मोंबासानंतर ही स्पर्धा भरवणारं हे आफ्रिकेतलं पाचवं शहर, आणि समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १२०० मीटर.

मराठी माणसाला १२०० मीटर समजावून सांगायला नकाशा लागत नाही. पाचगणी त्याहून थोडी उंचच भरेल, महाबळेश्वर आणखी वर. मी पुण्यात राहतो, म्हणजे ५६० मीटरच्या आसपास. पाचगणीला गेलो की पहाटे टेबललँडवर पळतो. जांभ्याचं ते सपाट पठार, तुरळक गवत, घोड्यांची लीद चुकवत जायचं. पुण्यात ज्या वेगाला गप्पा मारता येतात, त्या वेगाला तिथे दहाव्या मिनिटाला गप्पा बंद होतात. पाय ठणठणीत असतात, तक्रार असते ती छातीची. चढ नाही, ऊन नाही, मग दम कशाने लागतोय हेच कळत नाही. एकदा घोड्याला खरारा करत बसलेले एक काका माझ्याकडे बराच वेळ बघत होते. दुसऱ्या फेरीला जवळून गेलो तेव्हा म्हणाले, "पहिल्या चकरेला सगळेच पळवतात, दादा. दुसऱ्या चकरेला घोडंबी ऐकत न्हाई."

उंचावर ऑक्सिजन कमी, असं आपण सरसकट म्हणतो. हवेतलं त्याचं प्रमाण खरं तर मोंबासाच्या किनाऱ्यावर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखंच असतं, २१ टक्क्यांच्या आसपास. कमी होतो तो हवेचा दाब. कंपालाच्या उंचीला तो किनाऱ्यापेक्षा १३ टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. दाब कमी म्हणजे फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा रेटा कमी. चालणाऱ्या-फिरणाऱ्या माणसाला हे जाणवतही नाही. पण शरीराची शेवटची दमडी वापरणाऱ्या धावपटूला हजार मीटरसुद्धा कळतात. काही आठवडे उंचावर राहिलं की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात, लाल पेशी वाढतात आणि तूट बरीचशी भरून निघते. जन्मभर तिथेच राहिलेल्याचं तर बोलायलाच नको.

उंचीचा खरा धसका खेळाच्या जगाने घेतला तो १९६८ ला, मेक्सिको सिटीत. ते शहर २२४० मीटरवर, म्हणजे आपल्या उटीइतकं. दहा हजार मीटरचा विश्वविक्रम तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता, २७ मिनिटं ३९.४ सेकंद. मेक्सिकोत केनियाच्या नाफ्ताली टेमूने सुवर्ण घेतलं ते २९ मिनिटं २७.४ सेकंदांत. विश्वविक्रमाहून पावणेदोन मिनिटांनी संथ, आणि तरी सुवर्ण. क्लार्क सहावा आला आणि रेषेपलीकडे कोसळला. त्याला ऑक्सिजन लावावा लागला. 'डोंगरात जन्मलेले' हा खुलासा तेव्हापासून जगभर रूढ झाला असावा.

पण कोलोलोवर उंची नेमकी कुणाला लागणार होती? केनियाचे बहुतेक धावपटू इटेन किंवा काप्तागाटकडे सराव करतात, ते २४०० मीटरच्या आसपास. आदिस अबाबा जवळपास तेवढंच. इथिओपियाच्या कितीतरी विजेत्यांचं गाव बेकोजी २८०० मीटरवर. चेप्टेगेई काप्चोर्वाचा, एल्गॉन पर्वताच्या उतारावरचा, त्याचं घरही कंपालाच्या पुष्कळ वर. पदकाच्या शर्यतीत असलेला जवळजवळ प्रत्येक जण त्या दिवशी डोंगर उतरून खाली आला होता. युरोपातून आलेल्याला जी जागा उंच, ती यांना सखल.

आता एल्गॉनकडे बघू. हा पर्वत अर्धा केनियात, अर्धा युगांडात. दोन्ही उतारांवर एकमेकांच्या जवळच्या भाषा बोलणारी माणसं, तीच थंडी, तीच उंची. केनियाच्या बाजूच्या डोंगराळ मुलखातून १९६० च्या दशकापासून पदकांचा रतीब सुरू झाला. युगांडाच्या बाजूला सगळं तेच होतं, तरी काप्चोर्वाचं नाव जगाने घ्यायला २०१२ साल उजाडावं लागलं. तिथल्याच स्टीफन किप्रोटिचने लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकली. युगांडाला ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं ते १९७२ च्या जॉन अकी-बुआनंतर पहिल्यांदाच, चाळीस वर्षांनी. किप्रोटिच तुरुंग खात्यात नोकरीला होता आणि सरावाला सीमा ओलांडून केनियात एल्डोरेटला जायचा. उंची त्याच्या घरीच होती. तो ती सोडून जे शोधायला गेला ते म्हणजे पहाटे सहाला दारात येऊन थांबणारी, आपल्याहून वेगवान माणसं. बोलिव्हियात, तिबेटात, नेपाळात माणसं याहून कितीतरी उंच राहतात, पण लांब पल्ल्याच्या पदकतालिकेत त्यांची नावं शोधत बसावं लागतं. नोकरी, सोबत, आधी जिंकून आलेला गावातला कुणीतरी आणि धावण्यातून पैसा येतो ही खात्री, एवढं जमल्याशिवाय नुसता डोंगर काही करत नाही.

तर तो दिवस. पुरुषांची शर्यत सगळ्यात शेवटी होती. तोपर्यंत प्रेक्षकांना एक मेजवानी मिळून गेली होती. वीस वर्षांखालच्या मुलांत जेकब किप्लिमो नावाचा युगांडाचा सोळा वर्षांचा पोरगा पहिला आला. या स्पर्धेतलं युगांडाचं ते पहिलंवहिलं सुवर्ण. महिलांना त्या वर्षी पहिल्यांदाच पुरुषांइतकं, दहा किलोमीटर, अंतर दिलं होतं. त्या शर्यतीत पहिल्या सहाही जणी केनियाच्या. आयरीन चेप्टाई पहिली, सहावी फेथ किप्येगॉन. सांघिक गुण म्हणजे पहिल्या चौघींच्या क्रमांकांची बेरीज, जितकी कमी तितकी चांगली. १ + २ + ३ + ४ = १०, याहून कमी होऊच शकत नाही.

त्या सहांतली पाचवी ॲग्नेस टिरोप. ही २०१५ ला, चीनमधल्या ग्वियांगला, एकोणीस वर्षांची असताना जगज्जेती झाली होती. ग्वियांगही हजार मीटरच्या वरचंच. २०२१ च्या सप्टेंबरात तिने फक्त महिलांच्या शर्यतीतला दहा किलोमीटरचा विश्वविक्रम केला आणि ऑक्टोबरात इटेनमधल्या घरात तिचा खून झाला. पंचवीस वर्षांची होती. खुनाच्या संशयावरून नवऱ्याला अटक झाली. कंपालाचं चित्रीकरण बघताना ती पडद्यावर आली की माझं शर्यतीवरचं लक्ष उडतं.

पुरुषांची शर्यत दोन किलोमीटरच्या पाच फेऱ्यांची. कामवोरोर हा आधीच्या स्पर्धेचा विजेता, बिलंदर माणूस. आदल्या वर्षी कार्डिफला अर्धमॅरेथॉनच्या जागतिक स्पर्धेत सुरुवातीलाच पडला, गुडघे फोडून घेतले, उठला आणि ब्रिटनच्या मो फराहसकट सगळ्यांना मागे टाकून जिंकला. अशा माणसाला अखेरच्या पाचशे मीटरपर्यंत सोबत ठेवायचं नसतं, हे चेप्टेगेईने ओळखलं असणार. मध्यावर कुठेतरी त्याने वेग वाढवला आणि एकटाच निघाला.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, संपली शर्यत. मागे केनियाची आणि इथिओपियाची माणसं, पण कुणी जिवावर उदार होऊन पाठलाग करत नाही. चेप्टेगेई अगदी सरळ पाठीने पळतो, खांदे सैल, नजर चारपाच पावलांपुढे. जिकडून जाईल तिकडचे लोक दोरीवर झुकतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गर्दीचा आवाज दर पन्नास मीटरला त्याच्याबरोबर पुढे सरकत होता, म्हणजे तो एकटा पळत असूनही त्याला क्षणभर एकटं वाटलं नसेल. वेग मोजायचा तो आतल्या कानाने, आणि आतलं काही ऐकू यायला बाहेर जरा शांतता लागते.

घंटा वाजते. फरक बारा सेकंदांच्या आसपास. आणि त्या फेरीत कुठेतरी त्याचं डोकं किंचित हलायला लागतं.

इथे मी चित्रीकरण मागे घेतो. नेमकं कुठल्या पावलाला हे सुरू झालं ते अजून मला सापडलेलं नाही. आधी डोकं, मग एक खांदा खाली येतो. पाऊल जिथे पडायला हवं त्याच्या जरा डावीकडे पडतं. पुढचं उजवीकडे. गुडघे उचलले जातात ते जणू दुसऱ्या कुणाचे असावेत तसे, हात मात्र मघाच्याच वेगाने चाललेले. हातांना खबर पोचलेलीच नसते. मागून कामवोरोर येतो. चेप्टेगेईकडे मान वळवूनही न बघता तो निघून जातो, मग बार्सोटॉन, मग हादिस. मग नुसती रांग. सरळ रेषेतला माणूस आता अर्धी वाट तिरका कापतोय, जवळजवळ चालतोय. पदक गेलं, पहिले दहा गेले, पहिले वीस गेले. तरी तो बाजूला होऊन बसत नाही.

दोरीमागच्या लोकांचं काय झालं ते बघायचं असेल तर पडद्याच्या कडांवर नजर ठेवावी. हातातले छोटे झेंडे आधी हलायचे थांबतात. ते खाली यायला थोडा वेळ लागतो.

असं का झालं असावं, यावर माझा आपला एक अंदाज आहे. रेसमध्ये पुढे पळताना स्नायूंना जेवढा ऑक्सिजन हवा त्याहून कमी पोचला की शरीर उधारीवर चालतं. सखल जागी वेग थोडा कमी केला की उधारी फिटायला लागते. उंचावर तो रेटाच कमी, त्यामुळे फेड हळू. त्यात विषुववृत्तावरची उष्णता, आणि रक्त त्वचा थंड करायलाही हवं, पायांनाही हवं. डोंगरात जन्मलेल्याची उधारीची मर्यादा मोठी असते, पण मर्यादा असतेच. बाराशे मीटर त्याला सखल होते खरे, पण जगज्जेत्यांना पाच किलोमीटर एकट्याने मागे ठेवण्याचा वेग कुठल्याच उंचीवर स्वस्त नसतो.

'डोंगरात जन्मले' म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो तो इथेच. तो खुलासा कामवोरोरचं जिंकणं नीट सांगत नाही आणि चेप्टेगेईचं मोडणं तर मुळीच नाही. दोघंही उंचावरचेच. त्या दिवशी फरक पडला तो एका निर्णयाने. एकाने आपल्या लोकांसमोर, आपल्या मातीवर, अर्ध्यातच सगळं पणाला लावलं आणि दुसऱ्याने बारा सेकंद जाऊ दिले. जाऊ देणं ही सोपी गोष्ट नाही. पुढचा माणूस लहान लहान होत चाललाय आणि आपण आपल्या वेगावर विश्वास ठेवून पळतोय, याला जे लागतं ते फुप्फुसात नसतं.

उलटी गंमत २००७ ला मोंबासात झाली होती. ती केनियात, पण थेट समुद्रावर, दमट उकाड्यात. तिथे सगळे डोंगरवाले हवालदिल झाले. पाच वर्षं कुणालाही दाद न देणारा इथिओपियाचा केनेनिसा बेकेले शेवटच्या फेरीत चक्क बाजूला झाला. जिंकला एरिट्रियाचा झेर्सेनाय तादेसे. आता तादेसेचं अस्मारा शहरही २३०० मीटरवरचं, त्यामुळे सखलवाल्यांना आनंद व्हायचंही कारण उरलं नाही.

चेप्टेगेईचं पुढे काय झालं हे खेळ बघणाऱ्यांना माहीत आहे. कंपालानंतर पाचच महिन्यांत लंडनच्या जागतिक स्पर्धेत तो दहा हजार मीटरला फराहच्या मागे दुसरा आला. २०१९ ला डेन्मार्कमधल्या आर्हूसला पुढची क्रॉस कंट्री झाली. तिथे मार्ग चक्क एका संग्रहालयाच्या गवताळ, उतरत्या छपरावरून जात होता. तो पहिला, किप्लिमो दुसरा, कामवोरोर तिसरा, आणि केनिया-इथिओपियाची सांघिक मक्तेदारी युगांडाने मोडली. २०२० ला पाच हजार आणि दहा हजार मीटर, दोन्हींचे विश्वविक्रम त्याच्या नावावर गेले. २०२३ च्या डिसेंबरात व्हॅलेन्सियाला पहिली मॅरेथॉन पळाला आणि सदतिसावा आला! मला ते वाचून का कोण जाणे बरं वाटलं. आठ महिन्यांनी पॅरिसला दहा हजार मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण, २६ मिनिटं ४३.१४ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. मोडायचं तेव्हा पुरता मोडतो आणि मग उभा राहतो, अशी काही माणसं असतात. 'अपयशातून शिका' छाप व्याख्यानांत त्याचं नाव अजून कसं आलं नाही, याचं नवल वाटतं. आलं की मी उठून जाईन.

आपल्याकडे क्रॉस कंट्रीचं नाव वर्तमानपत्रात येतं ते क्वचित, आतल्या पानावर, चार ओळींत. २०१८ ला ग्वियांगलाच आशियाई क्रॉस कंट्री झाली आणि नाशिकच्या संजीवनी जाधवने त्यात कांस्य घेतलं. आमच्या चहाच्या कट्ट्यावर ते चौघांनाही माहीत नव्हतं. अविनाश साबळेचं मात्र सगळ्यांना माहीत असतं, म्हणजे स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत, बर्मिंगहॅमचं राष्ट्रकुल रौप्य, ८ मिनिटं ११.२० सेकंद, केनियाच्या माणसांच्या मधोमध घुसलेला बीडचा पोरगा. पण तो स्टीपलचेसला आला कुठून? आष्टी तालुक्यातलं मांडवा हे गाव दुष्काळी पट्ट्यातलं, तिथे डोंगराळ हवेचा काही प्रश्नच नाही. बारावीनंतर सैन्यात भरती, महार रेजिमेंट, सियाचेनला नेमणूक, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. धावण्याच्या स्पर्धेत तो उतरला २०१५ मध्ये, सैन्याच्या क्रॉस कंट्रीत. तिथे प्रशिक्षक अमरीश कुमारांच्या नजरेत भरला आणि अडथळ्यांकडे वळला.

टपरीवर मी हे सांगितलं तेव्हा एक जण लगेच म्हणाला, "बघ, सियाचेन! उंची आलीच ना शेवटी." मी म्हटलं, सियाचेनला आजवर किती हजार जवान जाऊन आले असतील? त्यातले किती स्टीपलचेसमध्ये केनियाच्या माणसांना भिडले? त्यावर तो म्हणाला, चहाचे पैसे आज तू दे.

दिले. तिथेच ठरलं की पुढच्या मोसमात जिल्ह्याच्या क्रॉस कंट्रीला वळणावर बसायला दोन माणसं कमी पडतात तर आपण जायचं. रबरबँडचे डबे आम्ही आणू. सरांनी फक्त एक अट घातली आहे, पोरं जवळून जाताना 'पळ पळ' म्हणून ओरडायचं नाही. वेग चुकतो म्हणाले.